जागेवर आढळले नाही

चांगुणाबाई शाळेची खुर्ची न्यायला यायची तेव्हा परवानगी मागत नसे. दारात उभी राहून "जयभीम बाई, मिटिंग हाय" एवढंच म्हणायची, खुर्ची उचलायची, डोक्यावर उलटी ठेवायची आणि चालू लागायची. चारही पाय वर केलेली ती लाकडी खुर्ची वस्तीच्या वाटेला लागलेली दिसली की गावाला कळायचं, आज प्रज्ञा महिला मंडळाची सभा आहे. हेडमास्तर कुरकुरायचे. सभा जमिनीवर बसून होत नाही का, असं त्यांनी एकदा तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "बायांची व्हती. अध्यक्षाची न्हाई."

अनुदान हा शब्द कानावर पडला की अजून माझं तोंड कडू होतं, आणि त्या शब्दाबरोबर ती खुर्ची डोळ्यांपुढे येते. आता मी निवृत्त आहे, नगरमध्ये राहते, आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघालाही कुठूनसं अनुदान मिळतं आणि त्यातून आम्हाला बाकं मिळाली आहेत. मी त्या बाकांवर बसत नाही. लोक मला तिरसट म्हणतात, म्हणोत.

नव्वद सालच्या पुढेमागे मी खर्ड्याच्याही पलीकडच्या एका गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले. माहेर भिंगारचं, वडील लष्कराच्या डेपोत कारकून. आमच्या घरात सगळं घड्याळावर चालायचं. या गावात घड्याळाला कुणी विचारत नव्हतं. तिथे वर्षाचे दोनच भाग होते, माणसं असलेला आणि माणसं नसलेला. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या येत आणि बौद्ध वस्तीतली जवळजवळ सगळी घरं, गावातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांपैकीही बरीच, ऊस तोडायला निघून जात. जात कुठे, तर आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, जिथे कालवे आहेत आणि कारखाने आहेत. मागे राहत म्हातारे, आजारी आणि कुणाच्या तरी गळ्यात टाकलेली थोडी पोरं. उन्हाळा तापला की सगळे परत येत. तोवर माझ्या वर्गातली मुलं वाचायला विसरलेली असत.

चांगुणाबाई उंच, हाडापेराने मजबूत, मिश्रीने दात काळे केलेली बाई. तिने कानात सांगितलेली गोष्टही तीन घरांना ऐकू जायची. ती भली होती, सोशिक होती असं मी म्हणणार नाही. मेल्यावर माणसाला गोड करून सांगायची आपल्याकडे रीत आहे, पण चांगुणाबाईला ते आवडलं नसतं. ती भांडखोर होती. भावजयांना झुकतं माप द्यायची आणि वर न्यायाची भाषा करायची. सभेला उशिरा आलेल्या बाईला ती दंड म्हणून स्वतःच्या घरी पाण्याची घागर आणून टाकायला लावायची. मंडळाच्या कामासाठी पाणी लागतं, असं तिचं म्हणणं. मंडळाचं काम म्हणजे काय, तर तिची म्हैस.

पण मंडळ तिनेच काढलं होतं. एका पावसाळ्यात ग्रामसेविका येऊन सांगून गेली होती की नोंदणी झालेल्या महिला मंडळांना जिल्हा परिषद अनुदान देते, शिलाई मशीन देते, मागासवर्गीय वस्तीत सभागृह बांधून देते. बाकीच्या बायकांनी शिलाई मशीन ऐकलं. चांगुणाबाईने सभागृह ऐकलं. तिची मुलगी मंदा तेव्हा माझ्या वर्गात होती. चुणचुणीत पोर, कविता एकदा ऐकली की पाठ. दरवर्षी दसऱ्याला आईबरोबर जायची आणि परत आली की पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात.

"एक खोली पायजे बाई, पक्की," चांगुणाबाई मला सांगायची. "दोन म्हाताऱ्या ठिवायच्या रांधायला. समद्या वस्तीची पोरं तितंच जेवत्याल, तितंच झोपत्याल, सकाळी तुमच्याकडं येत्याल. आमी तिकडं ऊस तोडू. माज्या मंदीला तुमच्यावानी बाई करायची हाय मला." मागणी एवढीच होती. एक खोली. पोरं मागे राहावीत म्हणून.

नोंदणीसाठी ती नगरला चकरा मारून आली. नियमात होतं की मंडळाचा फलक दर्शनी भागी असावा. तिने जामखेडहून पत्र्यावर निळा रंग आणि पांढरी अक्षरं काढून आणली आणि फलक घराच्या दारावर लावला. रोज सकाळी म्हशीचं शेण काढून झालं की पदराने तो पुसायचा, हा नेम. आणि दसरा आला, सामान बांधायची वेळ झाली, तेव्हा तिने तो फलकही काढला आणि पातेल्यांच्या गाठोड्याला बांधला.

मी म्हटलं, "अहो, तो इथेच राहू द्या. मंडळ इथलं आहे."

"मंडळ काय भिताडाचं असतं व्हय बाई? बाया जितं हायेत तितं मंडळ."

त्या हिवाळ्यात मी एका लग्नाला उत्तरेकडे गेले होते. दोन्हीकडे उसाचे फड, मधून बस चाललेली, आणि एका वळणावर पाचटाच्या कोप्यांची रांग दिसली. त्यातल्या एकीला कुडाच्या जागी निळा पत्रा लावलेला होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रज्ञा महिला मंडळ. बस थांबली नाही. मला खूप हसू आलं होतं. शेजारच्या बाईला मी कौतुकाने सांगितलंही.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, तपासणी कमिटी आमच्या वस्तीत आली. जीपमधून चार माणसं उतरली. एका आंधळ्या म्हातारीशी बोलली. मंडळाचा फलक नाही, अध्यक्ष नाही, सदस्या नाहीत. कमिटी गेली. उन्हाळ्यात वस्ती परतली तेव्हा पंचायत समितीचं पत्र येऊन पडलेलं होतं, ते चांगुणाबाईने माझ्याकडून वाचून घेतलं. अनुदान नामंजूर. कारण, मंडळ जागेवर आढळले नाही.

"पुन्यांदा वाचा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने ते तोंडातल्या तोंडात घोळवलं, आणि त्या दिवसापासून ते वाक्य तिचं झालं. पाऊस लांबला की "पाऊस जागेवर आढळला न्हाई". नवरा भानुदास संध्याकाळी वेळेवर आला नाही की तोही जागेवर आढळला नाही. डाळीत मीठ कमी पडलं की मीठ. बायका हसून लोळायच्या, आणि ती स्वतः कधी हसायची नाही.

पावसाळ्यात ती पाच बायका घेऊन जामखेडला गेली, आणि मलाही ओढून नेलं. विस्तार अधिकारी तसा सभ्य माणूस होता. बसा म्हणाला, चहा सांगितला. तो सभ्य होता म्हणून तर मला अजून चीड येते. उद्धट माणसाशी निदान भांडता येतं.

"सायेब, आता या की बगायला. आता समद्या हावोत," चांगुणाबाई म्हणाली.

"आता येऊन काय करू? आमच्याकडे निधी येतो जानेवारीत. मार्चअखेर खर्च नाही झाला तर परत जातो. तपासणी त्याच्या मध्येच होणार."

"मंग तिकडं फडावर या. मंडळ तितं असतंय. पाटी हाय, बाया हायेत, मिटिंग व्हती."

"ते कार्यक्षेत्राच्या बाहेर झालं बाई."

"भाईर कसं? जिल्हा योकच हाय न्हवं? जिल्हा परिषद योकच. ऊस तोडताना आमी तुमच्याच जिल्ह्यात असतो की. मंग भाईर कुटं गेलो आमी?"

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाकडे पाहावं तसं, जरा समजूत घाला या अर्थाने. मी खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी तो म्हणाला, "असं करा, एक वर्ष इथंच राहा. फेब्रुवारीत कमिटी आली, तुम्ही दिसलात, की झालं काम. मी स्वतः लक्ष घालतो."

त्याने सहज सांगितलं. त्याला वाटलं असेल, दोन दिवस पुढेमागे व्हायचं तसंच हे. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको मागे राहिली तर नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करत नाही. एक वर्ष इथं राहा म्हणजे एक वर्ष चूल कशावर पेटवायची ते तुमचं तुम्ही बघा. त्या खोलीत हे सगळ्या बायकांना माहीत होतं, आणि टेबलाच्या पलीकडे कुणालाच नव्हतं.

चांगुणाबाईने ते मनावर घेतलं. मंदा सातवीत आली होती. त्या दसऱ्याला गाड्या आल्या तेव्हा प्रज्ञा महिला मंडळाच्या नऊ बायका चढल्या नाहीत. घराघरांत भांडणं झाली, सिंधू नावाच्या तिच्या धाकट्या भावजयीला तर नवऱ्याने मारलं. भानुदास गरीब स्वभावाचा, तो एवढंच म्हणाला, "तू येडी हायेस," आणि एकटाच वीटभट्टीवर निघून गेला. वस्तीत त्या दिवाळीला दिवे होते. मी त्या गावात पाहिलेली तेवढी एकच दिवाळी दिव्यांची.

मंदा सबंध वर्षभर शाळेत होती. सहामाहीला वर्गात पहिली आली. चांगुणाबाई प्रगतिपुस्तक घेऊन साऱ्या गावातून फिरली, पाटलाच्या ओट्यावर जाऊन दाखवून आली. मला म्हणाली, "बगा, खोली बांदायच्या आदीच खोलीचा गुन आला."

मग कमिटीची तारीख आली. बायकांनी सगळ्या वस्तीला चुना लावला, दारोदार रांगोळ्या काढल्या, हाराची झेंडूची फुलं खर्ड्याच्या बाजारातून आणली. सकाळपासून नऊ जणी धुतलेली लुगडी नेसून ओळीने बसल्या, आणि अध्यक्ष खुर्चीवर. दुपार कलली तेव्हा निरोप आला, कमिटी पुढच्या आठवड्यात येईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. नवे हार, तीच लुगडी, तीच खुर्ची. तिसऱ्या खेपेला ग्रामसेवक आपल्या लुनावरून आला आणि गाडी बंद न करताच म्हणाला, "निवडणूक लागली. आचारसंहिता आहे. आता तपासणी नाही, मंजुरी नाही."

"पन आमी जागेवर हावोत की," चांगुणाबाई म्हणाली.

"तुम्ही आहात हो. कमिटीच येऊ शकत नाही."

"मंग लिवा की तसं. कमिटी जागेवर आढळली न्हाई."

ग्रामसेवक हसला. त्या दिवशी बायकांपैकी कुणी हसलं नाही.

पुढचे महिने मला आठवावेसे वाटत नाहीत. रोजगार हमीचं नवं काम निघालं असतं तर त्यांचं भागलं असतं, पण तेही निघेना, आचारसंहितेमुळेच. बायका लाकूडफाटा वेचायच्या, तो बाजारात न्यायच्या, एक वेळ जेवायच्या. म्हैस विकली गेली. सभेला एकेक जण यायची बंद झाली, आणि एक दिवस सिंधू रस्त्यात उभी राहून सगळ्यांच्या देखत ओरडली, "हिच्या खुर्चीपायी उपाशी मेलो आमी." त्यानंतर चांगुणाबाई शाळेत खुर्ची न्यायला आली नाही. हेडमास्तर एकदा मला म्हणाले, "तुमच्या अध्यक्षीणबाई हल्ली येत नाहीत?" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वैशाखात कळलं की मंदाचं लग्न ठरलं. वय चौदा. मी धावत गेले, ओरडले, कायद्याची भीती घातली. चांगुणाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती, तिने मला पूर्ण बोलू दिलं.

"बाई, औंदा मुकादमाकडून दुप्पट उचल घ्यावी लागली. दोन कोयतं द्या म्हनला. म्या आन् मंदीचा बा योक. दुसरा कुटून आनू?"

"म्हणून पोरीचं लग्न लावता? तिला मास्तरीण करायची होती ना तुम्हाला?"

"तुमी सुट्टीत घरी असला तरी पगार येतो तुमाला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमी योक वरीस घरी बसलो, तर ह्ये आसं हुतं." मंदा आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.

त्या दसऱ्याला सगळे गेले. नऊही जणी, आणि जावयाबरोबर मंदा. आणि त्याच हिवाळ्यात सभागृह झालं.

निवडणुकीनंतर नवे झेडपी मेंबर आले होते. त्यांच्याकडे निधी होता आणि मार्च जवळ येत होता. नोंदणी झालेलं महिला मंडळ असलेली मागासवर्गीय वस्ती हवी होती, ती तयारच होती. मोकळ्या वस्तीत तीन आठवड्यांत भिंती उभ्या राहिल्या. उद्घाटनाला कमिटी आली, आणि तिच्यासमोर गावातल्या नऊ बायका भरजरी पातळं नेसून उभ्या केल्या गेल्या. मेंबरांची वहिनी खुर्चीवर, आमच्या शाळेच्याच. ती खुर्ची न्यायला मेंबरांचे दोन गडी आले होते, आणि या वेळी हेडमास्तर कुरकुरले नाहीत. पेपरात फोटो आला. त्या वर्षी मंडळ जागेवर आढळलं.

उन्हाळ्यात वस्ती परत आली तेव्हा सभागृहाला कुलूप होतं. किल्ली मेंबरांच्या मेव्हण्याकडे. चांगुणाबाई खिडकीशी उभी राहून आत बघत होती, ते मी पाहिलं. आत ठिबकच्या पाइपांची भेंडोळी आणि खताच्या गोण्या होत्या. तिने निळा फलक आणून दाराच्या वर टेकवून पाहिला, तेवढ्यात मेव्हणा आला आणि म्हणाला, संगमरवरी पाटी बसवलीय, भिंतीला खिळे मारू नका. तिने फलक काखेत मारला आणि तशीच शाळेत आली. वर्ग सुटला होता. मी खुर्ची पुढे सरकवली. ती खाली, पोरांच्या बसकरपट्टीवर बसली.

"नगं बाई. म्या आता अध्यक्ष न्हाई. अध्यक्ष फोटूत हाय."

मी म्हटलं, अर्ज करू, नगरला जाऊ, वर्तमानपत्रात देऊ. माझं तोंड चालत होतं आणि ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत होती. "करा," म्हणाली, "पन पावसाळ्यात करा. नाय तर आमी सापडायचो न्हाई." मी केले अर्ज. पावसाळ्यात केले. उत्तरं हिवाळ्यात आली, आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते पोस्टमनला कळलं नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली नगरच्या बाजूला झाली. दसऱ्यानंतरची सकाळ होती. मी ट्रंक घेऊन फाट्यावर बससाठी उभी होते आणि समोर ट्रॉल्या भरत होत्या. चांगुणाबाई गाठोड्यांवर बसलेली दिसली, शेजारी मंदा. मंदाच्या मांडीवर लहान बाळ. ऊन वर येत होतं, म्हणून चांगुणाबाईने बाळाच्या डोक्यावर निळा पत्रा धरला होता. रंगाचे पोपडे गेले होते, 'प्रज्ञा' तेवढं वाचता येत होतं.

मी जवळ गेले. मंदाने पदर पुढे ओढला आणि दुसरीकडे पाहिलं. मला रडू आलं, आणि रडण्याचा मला काही अधिकार नाही हेही तिथेच कळलं.

"चालला व्हय बाई?" चांगुणाबाई म्हणाली.

"हो."

"शाळंच्या पटावर मंदीचं नाव हाय का वो अजून?"

"नाही. कमी केलं हेडमास्तरांनी."

"म्होरं काय शेरा मारला?"

मला तो माहीत होता, पण सांगवेना. ट्रॅक्टर सुरू झाला. तिने बाळावरचा पत्रा उन्हाच्या दिशेला जरा वळवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या वाक्यावर हसली.

"जागेवर आढळली न्हाई, आसंच लिवलं आसंल," ती म्हणाली, आणि ट्रॉली उत्तरेला निघाली.